ज्याच्या हातून झालं

“न्हाई कसं?” हे माझ्याच तोंडातून गेलं, आणि टेबलाभोवतीची सगळी माणसं पडद्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघायला लागली. फोर्टमधलं आमचं ऑफिस, सकाळची वेळ, बिनसाखरेची कॉफी, आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर हिंदी महासागरातल्या एका बेटावर, हॉटेलच्या खोलीत अडकून पडलेला, पासपोर्ट आणि फोन पोलिसांनी काढून घेतलेला एक थर्ड इंजिनियर. सार्थक त्याचं नाव. बराच वेळ तो बोटीवरचं इंग्रजी बोलत होता, ठोकळेबाज आणि बिनचूक. मग थकला. चष्मा काढून त्यानं डोळे चोळले आणि कुणाला उद्देशून नाही, आपल्याशीच म्हणाला, “माझ्या मनानं न्हाई केलं ओ मी.” त्यावर मी, वीस वर्षं जिभेवरचं हे ‘न्हाई’ खरवडून काढलेली बाई, फटकन म्हणाले, “न्हाई कसं?” तो दचकला, मग चक्क हसला. दोन महिन्यांत त्याला घरच्या बोलीत कुणी उलटून विचारलं नसावं. “मॅडम, तुम्ही आमच्याकडच्या का? मी पिंपरी पेंढारचा.” मी पेठची, आंबेगाव तालुक्यातली, हायवेवर दिसणाऱ्या त्या गावची. पण मी फाईलचं पान उलटलं. चारचौघांत कुणीतरी पदर ओढावा तसा मला त्याचा राग आला. आमच्या सिनियरनी मात्र पेन खाली ठेवलं. “वृषाली, हा तर तुझ्या मुलखातला निघाला,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजातला आनंद माझ्या ओळखीचा होता. गिऱ्हाइकाची नड कळल्यावर आडत्याला होतो तो आनंद.

प्रकरण साधं होतं. जहाज जुनं. इंजिनाच्या तळाशी तेलकट पाणी साठत राहतं. त्यातलं तेल वेगळं काढून उरलेलं पाणी तेवढं समुद्रात सोडायचं, असा जगभरचा कायदा आहे. ते वेगळं करणारं यंत्र बंद पडलं होतं, सुटा भाग मागून मागून थकले तरी कंपनीनं पाठवला नव्हता. मग खुद्द मालकाचा फोन आला, की बंदरात शिरण्याआधी टाकी रिकामी झाली पाहिजे, कशी ते तुमचं तुम्ही बघा. चीफ इंजिनियर पाठदुखीचं निमित्त करून आधीच्याच बंदरात उतरून गेला होता. तेव्हा सार्थकनं एक होजपाईप जोडला, यंत्राला वळसा घातला आणि सगळी घाण समुद्रात सोडली. वारा फिरला. तेल बेटाच्या किनाऱ्याला लागलं, प्रवाळावर बसलं, कोळ्यांच्या जाळ्यांत भरलं. फोटोंमध्ये काळी पडलेली पाखरं होती, पंख अंगाला चिकटलेली, एकाचा डोळा तेवढा उघडा. मी त्या फोटोंना नंबर घातले आणि फाईलला लावले. आता कायदा असा, की तेल सांडलं की भरपाई जहाजाच्या मालकानं द्यायची, चूक कुणाची हे कुणी विचारत नाही. पण किती द्यायची याला मर्यादा असते, जहाजाच्या आकारावरून ठरलेली. ती मर्यादा म्हणजे मालकाचं चिलखत, आणि ते एकाच गोष्टीनं फुटतं: मालकानं स्वतःच, जाणूनबुजून हे घडवून आणलं असं शाबीत झालं तर. म्हणजे सगळं या एका पोराच्या जिभेवर येऊन थांबलं होतं. ‘मालकाचा फोन आला होता’ असं तो कोर्टात बोलला की चिलखत फुटलं. बेटाच्या सरकारी वकिलानं त्याला सांगितलंही होतं, तेवढी साक्ष दे आणि घरी जा. उलट ‘मीच केलं, माझ्या मनानं केलं’ असं तो बोलला की मालक सुटला, मालकाची विमा कंपनी सुटली, आणि गुन्हा याच्या एकट्याच्या गळ्यात. आम्ही त्या विमा कंपनीचे वकील. पोराला दिलेला बेटावरचा वकीलसुद्धा मालकाच्याच खर्चानं उभा केलेला होता. तो पोराला रोज समजावत होता, आणि पोरगं रोज म्हणत होतं, माझ्या मनानं न्हाई.

“घरच्यांशी बोलून बघ,” सिनियर म्हणाले. ते मला बळजबरीनं पाठवत नव्हते, हे लिहून ठेवते. मला जायचंच होतं. माळशेज उतरताना... नाही, चढताना, अजूनही माझं हे उलटंच होतं, मुंबईकडे जाणं म्हणजे वर जाणं असं माझ्या डोक्यात कायमचं बसलंय. तर घाट चढून मढ, मग ओतूर, आणि पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगाला ती झेंडूची, टोमॅटोची, उसाची रानं. ड्रायव्हरनं काच खाली केली. शेणाचा आणि कीटकनाशकाचा वास एकदम आत आला. लोकांना म्हणे गावाच्या वासानं भरून येतं. मला कधी आलं नाही. मला त्या वासासरशी एकच गोष्ट आठवते, सोमाजीबाबांच्या अंगणातली ओली माती आणि तिच्यावर टेकवलेलं माझं कपाळ. चौथीत होते मी. आमची म्हैस सोमाजीबाबांच्या वाटाण्यात शिरली आणि अर्धा वाफा फस्त करून बसली. त्या दिवशी म्हशीमागे पाळी भगवंतची, माझ्या थोरल्या भावाची. तो ओढ्याला खेकडे धरत होता. आमच्याकडे रीत अशी, की जनावर दुसऱ्याच्या पिकात गेलं तर ज्याच्या हातून झालं त्यानं, समोरचा दारात यायच्या आत, आपण होऊन जायचं. टोपी काढून जमिनीवर ठेवायची. ‘आमचं चुकलं’ एवढंच म्हणायचं. असं झालं, तसं झालं, याच्यामुळं, त्याच्यामुळं, यातलं अक्षर बोलायचं नाही. समोरचा मान हलवतो, ‘पोटात घातलं’ म्हणतो, गुळाचा खडा देतो, आणि तो विषय त्या दिवसापुरता नाही, कायमचा मिटतो. पुढं कुणी तो काढला तर काढणाराच नीच ठरतो. वडलांनी भगवंतला नेलं नाही. मला नेलं. “पोरीला बगून माणूस लवकर इरगळतं,” ते आईला म्हणाले. मी कपाळ टेकलं, चुकलं म्हणाले, सोमाजीबाबांनी मान हलवली आणि गूळ दिला. वाटेत मी तो थुंकायला गेले तर वडील म्हणाले, “थुकू नको. गीळ.” महिनाभरानं मी भगवंतला म्हणाले, पाळी तुझी होती. आईनं माझ्या थोबाडीत दिली, मिटलेलं उकरते म्हणून. मिटलं म्हणजे काय, तर माझ्या नावावर मिटलं. मी वकील झाले त्याची लोक नाना कारणं सांगतात, आई सरस्वतीची कृपा म्हणते. मला असं एक ठिकाण हवं होतं जिथं कुणी काही पोटात घालत नाही.

सार्थकच्या वडलांचं, कुंडलिकनानांचं, घर रस्त्यापासून आत, उसाच्या कडेनं गेलं की लागतं. नवं घर, वर सोलरची टाकी, पुढं पत्र्याची शेड, बिबट्याच्या भीतीनं अंगणाला मारलेली उंच जाळी. सुखवस्तू माणूस. हातानं दणकट, बोलायला मऊ, गावात शब्दाला वजन. माझं पेठचं माहेर कळल्याबरोबर त्यानं मला ‘मॅडम’ म्हणायचं सोडून दिलं. “म्हंजी तू आपलीच लेक की. आगं साळू, पेठची लेक हाय, नुसता च्या नको, जेवायला टाक.” साळुबाई सार्थकची आई, बारीक अंगाची, कपाळावर गोंदण, ती दारात उभी राहून माझ्या पायांतल्या चपलांकडे बघत होती, आणि माझ्या मनात आलं की ही बाई त्रास देणार. ‘लेक’ हा शब्द मला नको होता. बापाच्या बरोबरीचा माणूस असं मायेनं बोलला की मला त्याला कुठंतरी चिमटा काढावासा वाटतो. भिंतीवर सार्थकचे फोटो होते: पांढऱ्या गणवेशातला, बारावीच्या सत्कारातला, बैलपोळ्याला झूल धरलेला. प्रत्येक फोटोला वेगळी चौकट, वेगळा खिळा. आमच्या घरात माझा एकच फोटो आहे, रेशनकार्डावरचा.

“पोरगं कसं हाय? खातंय का?” नानांनी विचारलं. मी म्हणाले, खातो, तब्येत बरी आहे. “मग सोडत का न्हाईत?” इथं मी जरा थांबले. पेला खाली ठेवला, आवाज बारीक केला. कोर्टात थांबण्याचे पैसे मिळत नाहीत, पण ज्याला थांबता येतं तोच जिंकतो. “नाना, तेल त्याच्या हातून सुटलं, हे त्याला मान्य आहे. पण तो म्हणतो, माझी चूक नाही. साहेबानं सांगितलं म्हणून केलं, म्हणतो.” यातला शब्दन् शब्द खरा होता. नानांचा चेहरा मी बघत होते. आधी तो काही समजल्यासारखा दिसेना, मग हळूहळू कानापासून काळवंडत गेला. “असं म्हनतो?” “रोज म्हणतो. सगळ्यांसमोर.” त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, परत घातली. “लोकांचं लई नुसकान झालं का गं?” मी मोबाईलवर ते फोटो दाखवले. कोळ्यांच्या बायका किनाऱ्यावर बसलेल्या, मधोमध काळ्या जाळ्यांचा ढीग. नाना बराच वेळ बघत राहिले. शेतकऱ्याला दुसऱ्याचं गेलेलं पीक कळतं, मग ते पाण्यातलं का असेना. “आन् ह्यो म्हनतो साहेबानं सांगितलं,” ते परत म्हणाले. त्या माणसाला लाज वाटत होती. खरी, अंगभर लाज. मुंबईत मी ती इतक्या दिवसांत पाहिली नव्हती, आणि ती बघताना मला सुख झालं, लपवून काय करू, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं झालं.

“पन मी काय म्हन्ते,” ताटं वाढल्यावर साळुबाई दारातूनच बोलल्या. “म्हस ज्याची त्यानं जावं ना माफी मागाया. जहाज काय आपलं हाय का? ज्याचं जहाज त्यो कुटं हाय?” माझ्या हातातला घास तसाच राहिला. दोन महिने टेबलाभोवती बसून आम्ही सगळे मिळून जे झाकत होतो त्यावर या बाईनं येऊन बोट ठेवलं होतं, आणि तेही हात पदराला पुसता पुसता. मी काहीतरी बोलणार होते, काय ते मलाही माहीत नव्हतं. पण बोलायची पाळी आली नाही. “तू गप,” नाना म्हणाले. “तुला काय कळतंय त्यातलं? म्हस कुनाची का आसंना, दाव्याला हात कुनाचा व्हता? ज्याच्या हातनं झालं त्यानं म्हनायचं.” बायकांना गप्प करण्याची ही आमच्याकडची पद्धत मी जन्मभर शिव्या घातलेली आहे. त्या दुपारी मात्र मला तिचा फार उपयोग झाला. साळुबाई आत गेल्या. मासवडीचा रस्सा सुरेख झाला होता, मी मागून घेतला.

मग मी बेटावरच्या वकिलामार्फत फोन लावून दिला. ते माझ्या कामातच होतं. पडद्यावर सार्थक आला, दाढी वाढलेली, मागे हॉटेलचा तोच फिकट पडदा. बापाला बघून त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. नानांनी हालहवाल विचारली नाही. “तुज्या हातनं झालं का न्हाई?” “नाना, ऐका ना, मालकाचा फोन...” “तुज्या हातनं झालं का न्हाई?” “झालं. पण...” “पन न्हाई. पन म्हनला की त्यात राम न्हाई ऱ्हात. लोकांच्या पोटावर पाय पडलाय तुजा. जा, चुकलं म्हन, मोकळा व्हय.” सार्थक पडद्याजवळ सरकला. मग अगदी सावकाश, आपण लहान मुलाला समजावतो तसं, म्हणाला, “नाना, इथं तसं नसतं. इथं चुकलं म्हटलं की आत टाकतात. खरं सांगितलं तर सोडतात.” नाना हसले. “मानसं समदीकडं मानसंच आसत्यात रं. झुकल्यालं मुंडकं कोन कापत न्हाई.” तेव्हा त्या पोराची नजर बापावरून सरकून माझ्यावर आली. मी नानांच्या खांद्यामागे बसले होते. “मॅडम,” तो म्हणाला, “तुम्ही सांगा ना यांना. तुम्हाला माहीत आहे.” नानाही वळून माझ्याकडे बघायला लागले. आत भांड्यांचा आवाज थांबला, साळुबाईही ऐकत होत्या. त्या वेळी मला नाही म्हणता आलं असतं, अशी टोचणी वगैरे मला लागली नाही. मला फक्त भिंतीवरचे फोटो दिसत होते, प्रत्येकाला वेगळा खिळा. या पोराच्या चुकीसाठी त्याचा बाप जीव टाकत होता. माझी चूक नसताना माझ्या बापानं मला पुढं केलं होतं. “नाना म्हणतात ते बरोबर आहे,” मी म्हणाले. सार्थकनं माझ्याकडे असं बघितलं की जणू आता मला नीट ओळखलं. मग म्हणाला, “बरं.” एवढंच. बापाकडे बघून नाही, खाली बघून. नानांनी फोन माझ्या हातात दिला आणि डोळे पुसले. “शानं हाय पोरगं,” ते म्हणाले. “एकदा सांगितलं की ऐकतं.”

कबुली नीट झाली. बेटावरच्या वकिलानं मजकूर आम्हाला आधी पाठवला, मी त्यातला एक शब्द बदलला. ‘घाबरून’ होतं, ते काढून ‘स्वतःच्या निर्णयानं’ केलं. ऑफिसात अभिनंदन झालं, सिनियरनी माझ्यासाठी दार धरलं. मालकाचं चिलखत शाबूत राहिलं, भरपाई ठरल्या मापात बसली, कोळ्यांना त्यांच्या जाळ्यांपुरतं मिळालं, पाखरांना अर्थात काही नाही. मी नेहमीसारखी जेवत होते, झोपत होते. फक्त एक व्हायला लागलं. अंघोळीला बसलं की नळाचं पाणी मला तेलकट वाटायचं. बोटं एकमेकांवर घासून बघायची, काही नसायचं. वाशीच्या आमच्या इमारतीत टँकरचं पाणी येतं, त्यात काहीही असू शकतं. मी सोसायटीकडे तक्रार केली, त्यांनी टाकी धुऊन घेतली, तरी ते वाटणं गेलं नाही. साबण बदलला. नाना अधूनमधून फोन करायचे, “लेकी, कधी सुटतंय?” मी म्हणायचे, तारीख लागू द्या. एकदा त्यांनी माझ्यासाठी जुन्नरच्या हापूसची पेटी एसटीनं पाठवली. मी ती तशीच वॉचमनला देऊन टाकली. मग संध्याकाळी त्याच्या खोलीपाशी पिकलेल्या आंब्यांचा वास आला आणि मला असा संताप आला की मी लिफ्टचं बटण दाबत राहिले, दाबत राहिले, लिफ्ट समोर येऊन उभी असताना.

निकालाच्या दिवशी सिनियरनी मलाच परत पाठवलं. आरोपीला पश्चात्ताप झालाय हे दिसावं म्हणून त्याच्या वकिलानं घरच्यांना व्हिडिओवरून हजर राहण्याची परवानगी मिळवली होती. घरच्यांचा आवाज बंद, चित्र तेवढं कोर्टात दिसणार. “ऐन वेळी बापानं रडारड केली तर पोरगं फिरेल,” सिनियर म्हणाले. “तू जवळ बस. शिवाय त्यांना इंग्रजी कुठं कळतं?” मी गेले तर अंगणात सगळी भावकी जमलेली. सतरंज्या अंथरलेल्या, गाड्या लावलेल्या, आचारी बसवलेला. नानांनी लोकांना सांगितलं होतं की आज मिटणार. आतल्या खोलीत टीव्हीला मोबाईल जोडून ठेवला होता, म्हणजे सगळ्यांना दिसेल. साळुबाई अगदी पुढे, जमिनीवर, टीव्हीपासून हातभर अंतरावर बसल्या होत्या. मी नानांशेजारी खुर्चीवर. पडदा उजळला. उंच छताची खोली, पंखे, काळ्या झग्यातला एक वयस्क न्यायाधीश, आणि लाकडी कठड्यात सार्थक, दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. बायका कुजबुजल्या, वाळला गं पोरगा. सार्थकच्या समोरच्या भिंतीवर एक पडदा असावा, कारण तो आमच्याकडे बघत होता, सगळ्या खोलीकडे, एकेका चेहऱ्याकडे.

न्यायाधीशानं त्याला विचारलं, कबुली स्वतःहून दिलीस का. सार्थक हो म्हणाला. कुणी भाग पाडलं का. तो थांबला. इतका थांबला की न्यायाधीशानं मान वर केली. माझी बोटं परत एकमेकांवर घासली जाऊ लागली. मी नानांच्या कानाशी लागून म्हणाले, “आता. आता टोपी काढा.” नाना उठले. साठी उलटलेला तो माणूस टीव्हीपुढं जाऊन उभा राहिला, टोपी काढून त्यानं मोबाईलसमोर जमिनीवर ठेवली, हात जोडले आणि गुडघे टेकून कपाळ फरशीला लावलं. त्या परक्या कोर्टात, भिंतीवर, एक म्हातारं टक्कल जमिनीला टेकलेलं सगळ्यांना दिसलं असणार. सार्थकचे ओठ हलले. “कुणी नाही,” तो म्हणाला. “माझ्या मनानं केलं.” मग न्यायाधीश वाचू लागला. सावकाश वाचत होता, वाक्यावाक्याला थांबत, पण बेटाच्या वळणाचं ते इंग्रजी खोलीत माझ्याशिवाय कुणाला लागत नव्हतं. मानवी उपजीविकेची हानी, सागरी जीवनाची हानी, शिकलेल्या माणसानं सगळं ठाऊक असताना केलेलं कृत्य, इतरांना जरब बसावी म्हणून कैद. तीन वर्षं, सक्तमजुरीची. वाचून झाल्यावर त्यानं चष्मा काढला, पडद्यावर अजून वाकून राहिलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि सवयीनं असेल, सभ्यपणानं असेल, मान हलवली.

“हालवली!” मागून कुणीतरी ओरडलं. “नाना, मान हालवली सायबानं!” नानांनी डोकं वर केलं. डोळे लाल, कपाळाला फरशीची धूळ. “लेकी, काय म्हनले?” सगळी खोली माझ्याकडे वळली, माणसांच्या श्वासानं ती गरम झाली होती. मी म्हणाले, “मान्य केलं म्हणाले.” मग जो गलका झाला तो काय सांगू. कुणी नानांना मिठी मारली, कुणी बाहेर आचाऱ्याला ओरडून सांगितलं, एका पोरानं फटाक्याची माळ आणली होती ती अंगणात पेटली. पलीकडे आमचा आवाज जात नव्हता, पण चित्र जात होतं. कठड्यातला सार्थक ते बघत होता, त्याचे चुलते एकमेकांना पेढे भरवत असलेले, त्याचा बाप कॅमेऱ्यापुढं येऊन दोन्ही हातांनी त्याला आशीर्वाद देत असलेला, हसत, तोंडानं काहीतरी बोलत. त्यानं एकदा तोंड उघडलं. मग मिटलं. त्याला कळलं होतं की घरी काय पोचलंय, आणि त्यानं बापाकडे बघून, जमेल तसं, हसून दाखवलं. मला त्याचं ते हसणं सोसलं नाही. रडला असता, शिव्या दिल्या असत्या तर मी शांतपणे बघत बसले असते.

एवढ्या गोंधळात एकटी साळुबाई जागची हलली नव्हती. तिनं पेढा घेतला नव्हता, मागं वळून पाहिलं नव्हतं. तिचा चेहरा टीव्हीच्या उजेडात निळसर दिसत होता. पडद्यावर दोन पोलीस कठड्याशी आले, त्यांनी सार्थकला दोन्ही दंडांना धरलं आणि मागच्या छोट्या दाराकडे वळवलं. तिनं हात लांब करून काचेवर, त्याच्या पाठीवर, बोटं ठेवली.

“लेकी,” तिनं मला पहिल्यांदाच तशी हाक मारली, “दंडाला धरून कुटं नेत्यात गं त्याला?”

“सोडायला,” मी म्हणाले.